पोराच्या जर्सीवरचा ७ काढू का? (एसेंडन, हंगाम २०२५ आणि एकूणच)

टार्नीटकर

मंडळी, बुधवारी (१५ ऑक्टोबर) संध्याकाळी साडेसातला एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, ट्रेडची (क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल करण्याची) मुदत संपली आणि आमच्या घरात नवीनच पेच उभा राहिला. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्या एसेंडनच्या (आमचा मेलबर्नचा क्लब) जर्सीच्या पाठीवर ७ आहे, म्हणजे झॅक मेरेट, आमचा कॅप्टन. आणि कॅप्टनसाहेबांना जायचं होतं हॉथॉर्न या दुसऱ्या क्लबला, २०२७ पर्यंतचा करार हातात असताना. क्लबने सोडलं नाही, सौदा फिसकटला, गडी आहे तिथेच आहे. पोरगा विचारतोय, "बाबा, सात ठेवायचा की काढायचा?" मला उत्तर सुचेना, म्हणून हा धागा.

ज्यांनी यंदा लक्ष दिलं नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी: मे महिन्यात दरवर्षीच्या ड्रीमटाइम मॅचमध्ये रिचमंडला हरवलं तेव्हा आमचे सहा विजय, चार पराभव होते. त्यानंतर एकही मॅच जिंकलो नाही. सलग १३ हरलो आणि पंधराव्या क्रमांकावर येऊन थांबलो. सुरुवातीला चक्रीवादळामुळे गोल्ड कोस्टची मॅच पुढे ढकलली होती, ती सगळ्यांचे सामने संपल्यावर ऑगस्टच्या शेवटी खेळवली. म्हणजे बाकीचे सुटले तरी आमचा एक पेपर बाकी होता. तोही नापास.

माझं मत सांगतो, मग तुम्ही जोडे काढा. कोच ब्रॅड स्कॉटला हाकलून काही होणार नाही. आपली माणसं निवडण्याचीच पद्धत वर्षानुवर्षं चुकतेय. आता बोला.

काळापांढरा

कॉलिंगवूडवाला हजर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

७ काढून ० लावा. २००४ नंतर फायनल्समध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) जिंकलेल्या मॅच. (दिवे घ्या.)

अण्णा_विंडीहिल

टार्नीटकर, पोराला माझा आशीर्वाद सांगा. मी १९९१ साली या देशात आलो आणि नेपियर स्ट्रीटजवळ एका खोलीत राहायचो. क्लबशी नातं जुळलं ते घरापासून मैदान चालत गाठता येत होतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. केव्हिन शीडी तेव्हा कोच होते. १९८१ ते २००७, सलग सत्तावीस हंगाम एकच माणूस! चार प्रीमियरशिप (विजेतेपदं): १९८४, ८५, ९३, २०००.

९३ची प्रिलिमिनरी फायनल (म्हणजे सेमीफायनल) मला अजून स्वप्नात येते. हाफटाइमला अ‍ॅडलेडच्या ४२ पॉइंट मागे होतो. शेजारचा ग्रीक म्हातारा उठून निघून गेला, आणि आम्ही जिंकलो. म्हातारा नंतर आयुष्यभर "मी शेवटपर्यंत बसलो होतो" असं सांगायचा. त्या संघात मिशी न फुटलेली पोरं होती, म्हणून 'बेबी बॉम्बर्स'. पोरांवर भरवसा ठेवणारा कोच असला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शीडी गेल्यावर काय झालं ते मोजा. नाइट्स, हर्ड, वर्सफोल्ड, रटन, आता स्कॉट. मधले बदली कोच धरलेच नाहीत. कोच बदलणे हे औषध असतं तर आपण एव्हाना पहिलवान झालो असतो.

खडूस_निरीक्षक

अण्णांच्या आठवणी नेहमीप्रमाणे सुंदर आणि नेहमीप्रमाणे २००० साली संपणाऱ्या. जरा अलीकडचं बघू.

२००४ साली मेलबर्नला एलिमिनेशन फायनलमध्ये हरवलं, तो शेवटचा फायनल्स-विजय. त्यानंतरच्या हंगामांतले फायनल्समधले पराभव, किती पॉइंटांनी ते लिहितो:

२००९ अ‍ॅडलेड ९६, २०११ कार्लटन ६२, २०१४ नॉर्थ मेलबर्न १२, २०१७ सिडनी ६५, २०१९ वेस्ट कोस्ट ५५, २०२१ बुलडॉग्ज ४९.

यातला एकच चुरशीचा म्हणावा असा, २०१४चा. त्या दिवशी नॉर्थचा कोच कोण होता? ब्रॅड स्कॉट. ज्याने आपल्याला हरवलं त्यालाच आपण आठ वर्षांनी कामावर घेतलं. तेव्हा सहा विजय आणि पंधरावा क्रमांक देणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचेच नाहीत, हे मला मान्य नाही.

मीनल_पॉइंटकुक

टार्नीटकरांना अनुमोदन, दुखणं भरतीतच आहे. २०२०चा ड्राफ्ट घ्या. आपल्या हातात ओळीने तीन पिक होते: ८, ९, १०. एक स्वतःचा, एक जो डॅनिहर ब्रिस्बेनला गेला त्याची भरपाई, एक अ‍ॅडम साद कार्लटनला गेला त्याच्या बदल्यात. क्लबच्या आयुष्यात अशी संधी एकदा येते. घेतले कोण? निक कॉक्स, आर्ची पर्किन्स, झॅक रीड. पोरं वाईट नाहीत हो, पण पाच वर्षांनी त्यांच्यातल्या कुणाच्या जिवावर संघ उभा आहे असं म्हणता येईल? रीडचे मैदानावरचे दिवस कमी आणि दुखापतीच्या यादीतले जास्त. पर्किन्स एक क्वार्टर असा खेळतो की टीव्हीला नमस्कार करावा, आणि पुढचे तीन क्वार्टर तो कुठे आहे ते शोधावं लागतं.

डॅनिहर तिकडे २०२४ची प्रीमियरशिप जिंकून निवांत निवृत्त झाला.

त्याआधी २०१८ साली डिलन शीलसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. मेहनती खेळाडू, वाद नाही. पण दोन पिक!

आता स्वस्तात मिळालेले बघा. मेरेट स्वतः २०१३ला २६व्या पिकवर आला. निक मार्टिनला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं, हंगाम सुरू होण्याआधीच्या जादा जागेवर आला. सॅम डरम २०२१च्या अर्ध्या हंगामातल्या ड्राफ्टमध्ये. आणि पीटर राइट गोल्ड कोस्टकडून जवळजवळ फुकट! २०२२ला त्याने ५३ गोल मारले. म्हणजे आमच्या क्लबला मंडईत महागडी भाजी निवडता येत नाही, पण दिवेलागणीला उरलेल्या वाट्यात हात घातला की सोनं लागतं.

नवखा_मेलबर्नकर

बावळट प्रश्न आहे, हसू नका. या देशात येऊन सातच महिने झालेत. ऑफिसात सगळे "कुणाचा फॅन?" विचारतात, म्हणून मला एक क्लब निवडायचा आहे. पण हे पिक काय प्रकरण आहे? आयपीएलसारखा लिलाव नसतो का? पैसे टाकून चांगला खेळाडू घेऊन टाकायचा ना!

मीनल_पॉइंटकुक

@नवखा, बावळट अजिबात नाही. मी दोन वर्षं नुसती मान डोलावत होते.

लिलाव नसतो. पगारावर सगळ्या क्लबना सारखीच मर्यादा असते. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये साधारण अठरा वर्षांच्या मुलांची निवड होते आणि जो क्लब तळाला असेल त्याचा नंबर पहिला. म्हणून तळाला राहण्यातही फायदा असतो, आणि म्हणूनच तळाला राहूनही सुधारणा झाली नाही तर लोक चिडतात. दुसऱ्या क्लबचा खेळाडू हवा असेल तर बहुतेक वेळा पैसे नाही द्यायचे, पिक किंवा खेळाडू द्यायचा. वस्तुविनिमय. आजी धान्य देऊन बोहारणीकडून भांडी घ्यायची तसं.

कोल्हापुरी_तडका

अहो मीनलताई, बोहारणीला धान्य नाही, जुनी कापडं देतात. बाकी उपमा बरोबर. मेरेटसाठी हॉथॉर्न जुनी कापडंच देत होतं.

मीनल_पॉइंटकुक

मान्य, मान्य. जुनी कापडं.

तपकिरी_सोनेरी

हॉथॉर्नवाला बोलतोय, मारू नका. आम्ही जुनी कापडं देत नव्हतो, पहिल्या फेरीचे पिक देऊ केले होते. तुमच्या क्लबने किंमत अशी सांगितली की कुणीच देऊ नये. ठीक आहे, तुमचा माणूस, तुमचा हक्क. पण नाखूष कॅप्टन ठेवून काय साधलं?

खडूस_निरीक्षक

@तपकिरी, तुमच्या कोचसाहेबांना विचारा, एसेंडनकडून अजून काय काय न्यायचं राहिलंय? २०१२चा ब्राउनलो (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) आमच्या जोब वॉटसनकडून काढून घेतला, तो ट्रेंट कॉचिन आणि तुमचे हेच कोच सॅम मिचेल, दोघांना मिळाला. पदक झालं, आता कॅप्टन. पुढच्या वर्षी विमानतळाजवळचं ट्रेनिंगचं मैदानच घेऊन जा.

तपकिरी_सोनेरी

:) हा टोमणा चांगला होता. मिचेलने तो काही मागून घेतला नव्हता हो.

कोल्हापुरी_तडका

एक शंका. सगळे 'जर्सी' लिहिताय. माझा कलीग म्हणतो जर्सी म्हणायचं नाही, 'गर्न्सी' म्हणायचं, बिनबाह्यांची असते ती. मी त्याला म्हटलं, बाबा, आमच्या गोठ्यात जर्सी गाय होती, गर्न्सी पण गायच असते. दोन्ही बेटं, दोन्ही गायी. तो तासभर हसत होता.

पर्थची_पाहुणी

जर्सी जास्त दूध देते म्हणे. एसेंडनने गर्न्सी बदलून पाहावी.

काळापांढरा

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे. बाकी बंद करा.

वऱ्हाडी_बॉम्बर

थांबा ना बे, इतक्यात कुठं बंद करता. कोचच्या बाजूनं कोणी बोलूनच नाही राहिलं, तर मी बोलतो.

यंदा किती पोरांनी पहिल्यांदा एसेंडनचा लाल पट्टा अंगावर घातला मोजलं का? डझनाहून जास्त! अख्खी बॅकलाइन (बचावफळी) दवाखान्यात, मार्टिनचा गुडघा गेला, ड्रेपरची टाच गेली (आता तर गडीच गेला, ब्रिस्बेनला), रीड पुन्हा बाहेर. ऑगस्टमध्ये जे मैदानावर होते त्यांच्यातल्या अर्ध्यांची नावं मले टीव्हीवाल्याच्या तोंडून पहिल्यांदा कळली. अशा संघाले घेऊन शीडीबी काय करणार होते? आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईल?

आणि त्याच वर्षी नेट कॅडी पाहिला का तुम्ही? २०२३चा दहावा पिक. उडी मारून मार्क (झेल) घेतो तेव्हा वाटते, पोट्टं खालीच नाही येत. आयझॅक काको, क्लबच्या अकादमीतूनच आलेला, एवढासा पोरगा, पण चेंडूच्या मागे असा लागते जसा मांजर उंदराच्या. हे सारे स्कॉटच्याच हाताखाली तयार होऊन राहिले. पोरांले वेळ द्या.

खडूस_निरीक्षक

भाऊ, दुखापती हे यंदाचं कारण झालं. २०२३चं काय? शेवटून दुसऱ्या आठवड्यात जीडब्ल्यूएसने (सिडनीचा दुसरा क्लब) १२६ पॉइंटांनी धुतलं, फायनल्सची आशा तोवर शिल्लक होती. २०२४चं काय? हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या क्रमांकावर होतो. अ‍ॅन्झॅक डेला कॉलिंगवूडशी ८५-८५ अशी बरोबरी, सगळीकडे कौतुक. आणि हंगाम संपला तेव्हा? अकरावे. ११ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. मग २०२५, शेवटच्या १३ मॅच.

तीन वर्षं ओळीने जून उजाडला की संघ बसतो. एकदा झालं तर नशीब म्हणेन, तिसऱ्यांदा झालं तर तयारी कुणाची कमी पडते ते विचारणार. आणि इतक्या मांड्या एकाच वर्षी आखडतात तेव्हा तेही नुसतं दैव नसतं. सराव कोण घेतं? किती घेतं? याचं उत्तर द्यायचं काम हेड कोचचंच आहे ना?

वऱ्हाडी_बॉम्बर

जूनचा मुद्दा मान्य. त्याच्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

पर्थची_पाहुणी

मी वेस्ट कोस्टची. यंदा आम्ही २३ पैकी एक मॅच जिंकलो. एक. सहा विजयांवर रडणाऱ्यांनी कृपया आमच्या दारातून हळू आवाजात जावं, घरात सुतक आहे.

तुमच्या वर्सफोल्डने आमच्याकडे २००६ची प्रीमियरशिप जिंकून दिली होती. तोच माणूस तुमच्याकडे आला आणि एक फायनल जिंकता आली नाही. यावरून काय ते समजा. मला नाही वाटत कोच एवढा महत्त्वाचा असतो.

काळापांढरा

आता जरा गंभीर होतो, कारण पाहुणीताईंशी मी अजिबात सहमत नाही. आम्ही २०२१ला सतराव्या क्रमांकावर होतो. क्रेग मॅक्रे आला. खेळाडू जवळपास तेच. २०२२ला चौथे, २०२३ला ब्रिस्बेनला ४ पॉइंटांनी हरवून प्रीमियर. मॅक्रेने काय केलं? पोरांना सांगितलं, चेंडू हातात आला की पुढे पळा, चुकलात तर बोलणार नाही. त्या आधीची काही वर्षं आम्ही चेंडू बाजूला बाजूला करत बसायचो, सरकारी फाइलसारखा. अ‍ॅडलेडची झेपही अशीच, २०२४ला पंधरावे, यंदा साखळीत पहिले. (पुढे फायनल्समध्ये सलग दोन हरून घरी गेले ते सोडा.)

कोच महत्त्वाचा असतो. फक्त तो प्रीमियरशिप सोबत आणतो असं नाही, वर्सफोल्डचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर.

अण्णा_विंडीहिल

काळापांढरा, परक्या क्लबचा असूनही बोललास ते बरोबर आहे. पण मॅक्रेला निवांतपणा मिळाला. आपल्याकडे घोडं तिथेच पेंड खातंय.

२०२२चा ऑगस्ट आठवा. बेन रटन कोच आहे, करार आहे, शेवटची मॅच व्हायची आहे, आणि आपल्या क्लबचे मोठे लोक उघडपणे अ‍ॅलिस्टर क्लार्कसन या दुसऱ्या कोचच्या मागे. क्लार्कसन गेला नॉर्थला. मग रटनलाही काढलं. हाती काय राहिलं? त्यानंतर नवा सीईओ आणला, तो एका दिवसात गेला. एका दिवसात! माझ्या दुकानात उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारी कॉलेजची पोरंसुद्धा आठवडा काढतात.

उलट रिचमंड बघा. २०१६ला तेरावे, लोक कोच हार्डविकच्या नावाने शिमगा करत होते. क्लबने चौकशी केली, आजूबाजूची माणसं बदलली, कोच ठेवला. २०१७ला प्रीमियर, मग २०१९, २०२०. आणि हार्डविक कोण? आपल्या २००० सालच्या संघातला! मार्क थॉम्पसन कोण? आपला ९३चा कॅप्टन, त्याने जिलाँगला दोन प्रीमियरशिप दिल्या. पोरं आम्ही वाढवायची आणि वराती दुसऱ्यांच्या दारात.

२००० साली हंगामभरात एकच मॅच हरलो होतो...

खडूस_निरीक्षक

अण्णा, २०००. :)

अण्णा_विंडीहिल

हो रे बाबा. मग काय २०१६ची आठवण काढू? काढतोच, कारण टार्नीटकरांच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

तरुण मंडळींना ते इंजेक्शन प्रकरण ऐकून माहीत असेल. २०१२च्या हंगामात क्लबने खेळाडूंना काय काय टोचलं त्याचा धड हिशोबही ठेवला नव्हता. २०१३ला वीस लाख डॉलर दंड, फायनल्समधून बाद, ड्राफ्टचे वरचे पिक गेले. कोच हर्ड, माझा देव हो तो, वर्षभर निलंबित. आणि जानेवारी २०१६मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंवर अख्ख्या वर्षाची बंदी. मीनलताई भरतीबद्दल बोलतात ते खरंच, पण गेलेल्या पिकांचा खड्डा पाच-सात वर्षं भरत नाही हेही धरा.

त्या वर्षी आम्ही बाहेरून माणसं गोळा करून संघ उभा केला. कुणी निवृत्त झालेला, कुणी दुसऱ्या क्लबने सोडलेला. दुसऱ्याच आठवड्यात एमसीजीवर मेलबर्नशी मॅच होती. बायको म्हणाली, कशाला जाता, घरी बसून डोसे खा. मी गेलो. जिंकलो! वर्षभरात तीनच जिंकलो, तळाला गेलो, पण त्या दिवशी शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मीपण रडलो. त्या संघात एक पोरगेलासा मिडफिल्डर होता, त्याने वर्षभर पाठ टेकली नाही आणि शेवटी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पाठीवर ७ होता त्याच्या.

श्रावणी_एन

अण्णा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं, पण म्हणून मेरेटला माफ करायचं? तो कॅप्टन आहे. संघ तळाला जात असताना कॅप्टनच दुसऱ्या क्लबच्या कोचला भेटतो? माझ्या भावाने प्रोजेक्ट बुडत असताना लीड पद सोडलं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

सुटाबुटातला_आयटीवाला

श्रावणीताई, आपण बोलतोय कुणाला? या धाग्यावरच्या अर्ध्यांनी वीस टक्के पगारवाढीसाठी तीन कंपन्या बदलल्यात. उरलेल्यांनी देश बदललाय. मेरेटने बारा हंगाम दिले. फायनल्समध्ये एक विजय नाही. तीस वर्षांचा झाला. त्याला एकदा सप्टेंबरमध्ये (फायनल्समध्ये) नीट खेळून जिंकावंसं वाटलं तर इतकं?

श्रावणी_एन

आपण कंपनी सोडली तेव्हा अकरा वर्षांचं पोर आपलं नाव पाठीवर घालून शाळेत जात नव्हतं.

सुटाबुटातला_आयटीवाला

टूशे. (हे मराठीत कसं म्हणतात?)

खडूस_निरीक्षक

"लागलं" म्हणतात.

मीनल_पॉइंटकुक

मी मघापासून विचार करतेय. मेरेटला अडवलं हे बरोबरच झालं. करार म्हणजे करार. आपण सोडला असता तर पुढच्या वर्षी दुसरा कुणी उठला असता. पण त्याला जावंसं का वाटलं याचं उत्तर क्लबने दिलेलं नाही. नुसतं दार लावून घेतलं म्हणजे घर चांगलं होत नाही.

आणि भरतीबद्दल माझं मत थोडं बदललंय, वऱ्हाडी भाऊंमुळे. २०२३नंतरचे ड्राफ्ट खरंच बरे आहेत. कॅडी, काको, आणि आर्ची रॉबर्ट्स तर ५४वा पिक. पण बाहेरून आणलेले? २०२३च्या शेवटी मॅके, ग्रेशम, गोल्डस्टीन, डर्स्मा असे चौघे एकदम आणले, जणू आपण प्रीमियरशिपच्या उंबरठ्यावर आहोत. गोल्डस्टीन तेव्हा पस्तिशीचा! ज्याचा पाया भरायचा आहे त्याने झुंबर घ्यायला जाऊ नये. मॅकेला यंदा बिचाऱ्याला बघवत नव्हतं. फॉर्म जातो, प्रत्येकाचा जातो, पण त्याच्या आजूबाजूला रोज नवे चेहरे असतील तर बॅकलाइनमधल्या माणसाने कुणाकडे बघून उडी घ्यायची?

वऱ्हाडी_बॉम्बर

हे एकदम पटलं. बॅकलाइन म्हणजे भजनी मंडळ असते, रोजचे टाळकरी लागतात.

नवखा_मेलबर्नकर

सगळं वाचलं. मी ठरवलं, मी जिलाँगचा फॅन होणार.

अण्णा_विंडीहिल

अरे देवा.

काळापांढरा

हुशार पोरगा.

खडूस_निरीक्षक

जिलाँगचा कोच ख्रिस स्कॉट, आमच्या ब्रॅडचा जुळा भाऊ. दोन प्रीमियरशिप जिंकलेला. चेहरा तोच, नशीब वेगळं. ऑर्डर देताना आमच्या क्लबने पत्ता नीट वाचला नाही असं मला कधी कधी वाटतं.

वऱ्हाडी_बॉम्बर

😂 हे तरी मान्य कर, स्कॉटले अजून एक वर्ष द्याव लागते. सगळे फिट असताना काय करते ते पाहू, मग बोलू.

खडूस_निरीक्षक

एक वर्ष. जूनपर्यंत. जुलैत मी हा धागा वर काढणार आहे, लिहून ठेवा.

टार्नीटकर

सगळ्यांचे आभार. चहाच्या तीन कपांत धागा वाचून काढला.

अण्णांचा २०१६वाला प्रतिसाद पोराला वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, समजतं. ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे सगळे गेले होते तेव्हा तो होता, आणि आता सगळे आहेत तर त्याला जायचंय?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. मग म्हणाला, "बट ही डिडन्ट गो." आणि बाहेर खेळायला गेला. काढायचा की ठेवायचा ते सांगितलंच नाही.

संध्याकाळी जर्सी (गर्न्सी, गाय, जे काय असेल ते) धुवायला काढली तर सात वरच्या कोपऱ्यात आपोआपच सुटायला लागलाय. आता नवीन पेच: चिकटवायचा कसा? इस्त्री चालते का?

मीनल_पॉइंटकुक

थेट इस्त्री अजिबात नको, कापड जळेल, पॉलिएस्टर असतं. उलटी करून आत टॉवेल घाला, वर बेकिंगचा कागद ठेवा, इस्त्री मध्यम, दहा-दहा सेकंद दाबून धरा. घासू नका. वाफ बंद ठेवा.

श्रावणी_एन

उलटी नाही, सुलटीच ठेवा. आकडा वर आणि त्यावर कागद. मी माझ्या लेकीचा असाच चिकटवला, वर्ष झालं, टिकलाय.

मीनल_पॉइंटकुक

बरोबर, सुलटी. घाईत लिहिलं.

काळापांढरा

नाहीच चिकटला तर माझ्याकडे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक जादा आहे, साइज १२. घरपोच देतो.

टार्नीटकर

नको. आभारी आहे.